वेडा राघू चोचीत माशी धरून बिळाबाहेर ताटकळतो, तो कशासाठी?

बांधकरी (प्रश्नकर्ता):

शेताच्या कडेने जाणाऱ्या एका ओहोळाच्या काठावर वेड्या राघूंची लहानशी वस्ती आहे आणि गेले तीन आठवडे मी ती जवळजवळ रोज पाहत आहे. पाण्याने कापलेली मातीची उभी कड जेमतेम कमरेइतकी उंच असून तिच्यात एकमेकांपासून हात-दोन हात अंतरावर सहा बिळे आहेत. त्यांपैकी चार बिळांत पक्ष्यांची ये-जा असल्याची मला खात्री आहे. उरलेली दोन बहुधा खोदता खोदता सोडून दिलेली असावीत. पक्षी सर्वांच्या परिचयाचाच आहे: हिरवा रंग, डोक्यावर तांबूस-सोनेरी झाक, डोळ्यांतून गेलेली काळी पट्टी, गळ्याखाली काळी रेघ, किंचित खाली वळलेली बारीक चोच आणि शेपटीच्या मधोमध दाभणासारखी बाहेर आलेली दोन पिसे.

माझी अडचण अशी की, पिलांना भरवण्याच्या या दिवसांत पक्षी चोचीत माशी किंवा चतुर धरून समोरच्या वाळक्या फांदीवर येऊन बसतो आणि मग तिथेच ताटकळत राहतो. मध्येच उडून बिळाच्या तोंडाशी जातो, क्षणभर पंख फडफडवत अधांतरी थांबतो आणि पुन्हा फांदीवर परततो. परवा एका पक्ष्याने हा प्रकार पाच वेळा केला आणि अखेरीस चोचीतला चतुर स्वतःच गिळून टाकला. मी कडेपासून पंधरा-सोळा पावलांवर, हालचाल न करता बसलेला असतो. गुरे मात्र बिळांच्या अगदी जवळून चरत जातात आणि तेव्हा पक्षी बेलाशक आत शिरतो, असे मी स्वतः पाहिले आहे. याला वेडेपणा म्हणावे की आणखी काही?

आणखी दोन शंका आहेत. एका बिळाशी मला दोनाऐवजी तीन पक्षी चारा नेताना दिसतात. माझी मोजणी चुकते आहे का? दुसरे म्हणजे, दोन शेते पलीकडे मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारे एक गृहस्थ आहेत. हे पक्षी माश्या खाऊन पेट्या रिकाम्या करतील, तेव्हा वेळीच बिळे बुजवावीत, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्याशी भांडण्याची माझी इच्छा नाही, परंतु उत्तर देण्याइतकी माहिती हवी आहे.


जुनी दुर्बीण:

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच वर्णनात दडलेले आहे. पक्षी ताटकळतो तो आपल्यामुळे. आपण हलत नाही याने त्याचे समाधान होत नाही, कारण त्याच्या दृष्टीने धोका आपल्या हालचालीत नसून आपण बिळाकडे पाहत आहात यात आहे.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच पक्ष्यावर प्रयोग केले असून ते १९९९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आणि नंतर २००२ मध्ये ‘अ‍ॅनिमल कॉग्निशन’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगाची कल्पना फार साधी होती. माणूस बिळापासून तेवढ्याच अंतरावर, पण दोन निरनिराळ्या जागी थांबायचा. एका जागेवरून त्याला बिळाचे तोंड दिसत असे, तर दुसऱ्या जागेवरून मध्ये काही आडोसा आल्यामुळे ते दिसत नसे. पक्ष्याला मात्र माणूस दोन्ही ठिकाणी स्पष्ट दिसत होता. तरीही माणसाला बीळ दिसत नसेल, तेव्हा पक्षी आत शिरण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. म्हणजे ‘माणूस किती जवळ आहे’ एवढ्यावर हा पक्षी थांबत नाही. ‘माणसाला तिथून काय दिसते आहे’ याचाही त्याच्या वागण्यावर परिणाम होतो. ज्याच्या नावामागे आपण पिढ्यानुपिढ्या ‘वेडा’ हे विशेषण लावले, त्याच्याबाबत ही गोष्ट उघडकीला यावी, याची मला नेहमीच गंमत वाटते.

यामागची निकड समजून घेण्यासाठी बिळाची रचना लक्षात घ्यावी. काही वेळा दीड मीटरपर्यंत लांब जाणारा एक अरुंद बोगदा आणि त्याच्या शेवटी एक फुगीर दालन, एवढेच ते घर असते. आत गवत नाही, पिसे नाहीत. गोलसर, चकचकीत पांढरी तीन ते पाच अंडी उघड्या मातीवरच घातली जातात. बाहेर पडायला दुसरा रस्ता नसतो. त्यामुळे साप, मुंगूस किंवा घोरपड यांपैकी कोणाला बिळाचा पत्ता लागला की पिले गेली आणि आत असेल तर मोठा पक्षीही गेला. अशा घराचे एकमेव संरक्षण म्हणजे ते कोठे आहे हे कोणाला न कळणे. चोचीत चारा घेऊन शत्रूच्या देखत आत शिरणे म्हणजे आपल्या हाताने दार दाखवणे होय. गुरे बिळाकडे टक लावून पाहत बसत नाहीत आणि पिले खातही नाहीत. म्हणून त्यांच्यासमोर पक्षी बेलाशक आत जातो.

आपल्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की, आपण समोर बसता तेवढा वेळ पिले उपाशी राहतात. चोचीतला चतुर पक्ष्याने स्वतःच गिळला, तेव्हा ती एक खेप वाया गेली. पिले अंड्यांतून एकाच दिवशी बाहेर येत नाहीत, त्यामुळे एकाच बिळात मोठे आणि लहान पिलू असते आणि चारा कमी पडला की पहिला फटका सर्वांत धाकट्याला बसतो. कृपया बसण्याची जागा बदला. मागे सरकण्यापेक्षा बाजूला सरका; बिळांची तोंडे आपल्याला दिसणार नाहीत, पण वाळकी फांदी दिसेल, अशी जागा शोधा.


मधपेटी:

मी स्वतः मधमाश्या पाळतो, त्यामुळे आपल्या शेजाऱ्यांची बाजू आधी मांडतो. त्यांची भीती नवी नाही. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने मधमाश्यांच्या शत्रूंमध्ये या कुळातल्या पक्ष्याची गणना केली आहे आणि मधपाळ त्याची घरटी काढून टाकतात, हेही नोंदवले आहे. हा पक्षी मधमाश्या खातो, यात वादच नाही. युरोपात वीण करून आफ्रिकेत हिवाळा काढणाऱ्या त्याच्या मोठ्या भावंडाच्या अभ्यासांत खाल्लेल्या कीटकांपैकी माश्या-गांधीलमाश्यांचा वाटा ठिकाणानुसार २० पासून ९६ टक्क्यांपर्यंत आढळला आहे. वेडा राघू आकाराने त्याहून बराच लहान, जेमतेम १५ ते २० ग्रॅम वजनाचा. भूकही त्याच मानाने.

आता हिशेब पाहू. हंगामात कामकरी माशीचे आयुष्य पाच-सहा आठवड्यांचे असते आणि त्यातले सुरुवातीचे दिवस ती पेटीच्या आतच पिलांची निगा, पोळ्याची बांधणी, साफसफाई अशा कामांत घालवते. मकरंद आणायला ती बाहेर पडते तीच आयुष्याच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. पक्ष्याच्या चोचीत सापडते ती ही वयस्कर माशी, कारण तो उडता कीटकच पकडतो. फुलावर बसलेल्या किंवा पेटीच्या फळीवर चालणाऱ्या माशीकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. युरोपीय मधमाशीची धडधाकट राणी हंगामात दिवसाला हजाराहून अधिक अंडी घालते. काही डझन वयस्कर माश्या गेल्याने अशी वसाहत रिकामी होत नाही.

परंतु दोन प्रसंगी मीही सावध असतो. पहिला प्रसंग म्हणजे नवी राणी मीलनाच्या उड्डाणाला बाहेर पडते तेव्हाचा. ती एकदा गिळली गेली की ती वसाहत पोरकी झाली, मग हिशेब कितीही मांडा. दुसरा प्रसंग म्हणजे ढगाळ, दमट दिवस, जेव्हा इतर कीटक कमी उडतात आणि पेट्यांसमोरची वर्दळच पक्ष्यांना सोयीची ठरते. अशा वेळी माश्या बाहेर पडायचे टाळतात आणि मधाचे नुकसान होते ते अधिक करून या अडून बसण्यामुळे. यावर बिळे बुजवणे हा उपाय नाही. पेट्या तारांच्या थेट खाली ठेवू नयेत, कारण तार म्हणजे त्याचे आयते मचाण. नव्या राणीच्या लहान वसाहती झाडांच्या दाट सावलीत, वस्तीपासून दूर हलवाव्यात. या पक्ष्याला शिकारीसाठी मोकळे आकाश लागते. डहाळ्यांच्या गर्दीत त्याची भरारी चालत नाही.

माश्या खाताना त्याला नांगी कशी लागत नाही, हे मात्र एकदा दुर्बिणीतून बघाच. मी पेट्यांजवळच्या कुंपणाच्या खांबावर बसलेला एक पक्षी दहा-बारा पावलांवरून पाहिला आहे. माशी चोचीच्या टोकात आडवी धरून तो खांबावर आला आणि आधी तिचे डोके डावी-उजवीकडे आपटू लागला. तो आवाज मला ऐकू येत होता, कोणी नखाने लाकडावर टिचकी मारावी तसा. मग त्याने माशी सरकवून पोटाच्या टोकाशी पकडली, मान वळवली, डोळे मिटले आणि ते टोक खांबावर भराभर घासले. लाकडावर एक ओलसर ठिपका उमटला. पुन्हा आपटणे, पुन्हा घासणे, आणि मग माशी एका झटक्यात आत. विष आणि नांगी अशा रीतीने बाहेर काढून टाकली जाते. चतुर किंवा फुलपाखरू पकडले असेल तर तो फक्त आपटतो. घासण्याच्या भानगडीत पडत नाही. पाळलेल्या एका युरोपीय पिलाने कोणी न शिकवता हीच क्रिया केल्याची नोंद आहे. पहिल्या पाच माश्यांनी त्याला डंख मारले, पण दहाव्या माशीपर्यंत ते मोठ्या पक्ष्यांइतके तरबेज झाले होते.

शेजाऱ्यांना समजवायचे असेल तर त्या वाळक्या फांदीखालची माती तपासा. पंख, कवचे असे न पचणारे भाग हा पक्षी घुबडाप्रमाणे गोळीच्या रूपात ओकून टाकतो. गोळी बोटाच्या पेरापेक्षा लहान, काळपट आणि इतकी ठिसूळ असते की चिमटीत धरताच भुगा होतो. ती पांढऱ्या बशीत पाण्यात भिजवावी आणि सुईने अलगद उलगडावी. भुंगेऱ्यांची हिरवी चकाकणारी ढालपंखे, चतुरांच्या पंखांचे जाळीदार तुकडे, मुंग्यांची डोकी असे काय काय निघते. माझ्या पेट्यांजवळच्या गोळ्यांत मधमाश्या होत्याच, पण गांधीलमाशीची पिवळी-काळी कवचेही होती. आणि गांधीलमाशी पेटीला काय करते, हे मधपाळाला सांगावे लागत नाही.


माळरान:

तिसऱ्या पक्ष्याबद्दल लिहितो, कारण वरील दोघांनी तो प्रश्न सोडून दिला आहे. आपली मोजणी बहुधा बरोबर आहे. वेड्या राघूंमध्ये जोडप्याच्या मदतीला तिसरा पक्षी असणे ही माहीत असलेली गोष्ट आहे. असा मदतनीस स्वतः वीण करत नाही. दुसऱ्याची पिले भरवतो.

या वागणुकीचा सर्वांत खोल अभ्यास केनियात पांढऱ्या कपाळाच्या राघूंवर स्टीफन एम्लेन आणि पीटर रेगे यांनी अनेक वर्षे केला. ते पक्षी मोठ्या वसाहतींत, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंतच्या गोतावळ्यात राहतात आणि ज्याची वीण फसली किंवा जमली नाही तो आपल्याच जवळच्या नातलगाच्या बिळाशी मदतीला जातो. परक्याची पिले सहसा कोणी भरवत नाही. यातला मला सर्वांत विलक्षण वाटलेला भाग या दोघांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला: कधी कधी बापच मुलाच्या संसारात विघ्न आणतो. मुलगा आपल्या जोडीदारिणीला चारा भरवायला निघाला की बाप मध्ये येतो, त्यांच्या बिळाचे तोंड अडवून बसतो, आणि असे वारंवार झाले की मुलगा स्वतःची वीण सोडून बापाच्या बिळाशी धाकटी भावंडे भरवू लागतो. मुलगा फारसा विरोध का करत नाही, याचे त्यांनी दिलेले उत्तर असे की, सख्खी भावंडे रक्ताने स्वतःच्या पिलांइतकीच जवळची असतात, त्यामुळे त्याचे नुकसान फारसे होत नाही, बापाचा मात्र फायदा होतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना यात काही ओळखीचे वाटले तर तो दोष पक्ष्यांचा नाही.

अर्थात केनियातल्या पक्ष्यांचे नियम आपल्या चार बिळांच्या वस्तीला जसेच्या तसे लावू नयेत. वेडा राघू तितका गर्दीचा पक्षी नाही. तो सुट्या जोडीनेही घर करतो आणि विरळ वस्तीतही. तिसरा पक्षी खरोखर चारा आत नेतो की नुसता जवळपास घुटमळतो, एवढे तेवढे पाहून ठेवा. त्याच्या शेपटीतली लांब पिसे नीट वाढलेली आहेत का, हेही बघा; ती नसतील आणि गळ्याची काळी रेघ पुसट असेल, तर ते बिळातून बाहेर पडलेले यंदाचेच पिलू असण्याची शक्यता आहे.


टिपणवही:

‘जुनी दुर्बीण’ यांच्या उत्तरातील एका शब्दयोजनेबद्दल थोडी सावधगिरी सुचवतो. माणसाला काय दिसते यानुसार पक्षी आपले वागणे बदलतो, एवढे प्रयोगांतून दिसले. पण म्हणून तो माणसाच्या मनात शिरून विचार करतो असे ठरत नाही. बिळाशी असताना माणसाचा चेहरा दिसला की धोका, असा साधा नियम पूर्वानुभवातून अंगवळणी पडला असेल तरीही तो असाच वागेल.


जुनी दुर्बीण:

‘टिपणवही’ यांचा मुद्दा मान्य आहे आणि म्हणूनच मी ‘मन’ हा शब्द जपून टाळला होता. १९९९ च्या लेखाचे शीर्षकही प्रश्नार्थकच होते. मात्र साधा नियम म्हटला तरी तो इतका साधा नाही: पक्षी फांदीवर बसून निर्णय घेतो, बिळाशी नव्हे, तेव्हा माणूस, आडोसा आणि बीळ या तिघांची मांडणी त्याला स्वतःच्या जागेवरूनच जुळवावी लागते. त्याला काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

मूळ प्रश्नकर्त्यांना आणखी एक सूचना. त्या कडेच्या माथ्यावरून चालू नका. बोगदे फार खोल नसतात आणि सैल माती वरच्या वजनाने आत बसते. बिळात काडी, हात किंवा विजेरीचा झोत घालण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. आणि बिळापर्यंत तुडवलेली पायवाट मुंगसालाही उपयोगी पडते, हे लक्षात असू द्यावे. कड तासून, सारखी करून गवत लावावे असे कोणी सुचवले तर वीण संपेपर्यंत तरी थांबवा. अंडी सुमारे दोन आठवडे उबवली जातात आणि त्यानंतर पिले बाहेर यायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे प्रतीक्षा फार मोठी नाही. खरे तर ती कड उघडी आणि उभी राहावी हेच उत्तम. ज्या पायांची पुढची बोटे बुंध्याशी जोडलेली आणि दुबळी असतात, त्या पायांनी माती मागे लोटत आणि चोचीने ठोसे मारत हा पक्षी बीळ खोदतो, आणि बहुतेक वेळा दर वर्षी नवे खोदतो. जुनी बिळे मग चिमण्यांसारख्या इतर पक्ष्यांच्या उपयोगी पडतात.


बांधकरी:

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मी जागा बदलली. ओहोळाच्या वळणापलीकडे एक झुडूप आहे. तिथून वाळकी फांदी दिसते, कड दिसत नाही. अंतर पूर्वीपेक्षा कमीच आहे, अवघी दहा-अकरा पावले. पहिल्या सकाळी मला वाटले की आज पक्षी नाहीतच, कारण ऊन चांगले वर आले तरी ते तारेवर एकमेकांना खेटून, चोची पाठीच्या पिसांत खुपसून बसले होते. नंतर मात्र चाऱ्याच्या खेपा सुरू झाल्या. पक्षी फांदीवर येतो, एकदा माझ्याकडे मान वाकडी करून पाहतो, दोनदा शेपटी हलवतो आणि निघून जातो. तासाभरात मी एकवीस खेपा मोजल्या. ताटकळणे जवळजवळ नाहीच.

पंचाईत एवढीच झाली आहे की बीळ दिसत नसल्यामुळे तो आत जाताना मला कधीच दिसत नाही. चोच भरलेली असताना गेला आणि रिकामी घेऊन आला, यावरूनच मोजावे लागते. तिसऱ्या पक्ष्याची लांब पिसे पूर्ण वाढलेली आहेत. तोही भरली चोच घेऊन जातो आणि रिकामी घेऊन परततो, म्हणून त्याला मदतनीस धरून चाललो आहे.

शेजारच्या गृहस्थांना काल सोबत नेले होते. फांदीखाली सापडलेल्या सात गोळ्या आम्ही त्यांच्याच पडवीत बशीत भिजवल्या. मधमाश्यांची डोकी निघाली, ती त्यांनी मला एकेक करून दाखवली आणि मीही नाकारली नाहीत. पाचव्या गोळीत गांधीलमाशीच्या पोटाचे तीन पट्टे निघाले, तेव्हा त्यांनी सुई माझ्या हातून घेतली आणि उरलेल्या दोन गोळ्या स्वतः उलगडल्या. बिळे बुजवण्याचा विषय त्यांनी काढला नाही. तारेखालच्या चार पेट्या कुठे हलवाव्यात, याची चर्चा मात्र अंधार पडेपर्यंत चालली.